ग्रंथांची मांडणी आणि वाचकाचा अधिकार : विद्यापीठीय ग्रंथालयांतील विषयप्रदर्शनांची चिकित्सा

प्रस्तावना

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ग्रंथप्रदर्शन ही आज नित्याची बाब झाली आहे. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्चला महिला दिन, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, २३ एप्रिलला जागतिक ग्रंथ दिन, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर या काळात ग्रंथालय सप्ताह आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असे या प्रदर्शनांचे वार्षिक वेळापत्रकच ठरून गेले आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने म्हणजे नॅकने महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी जे उत्तम उपक्रम सुचविले, त्यांतही निरनिराळ्या प्रसंगी ग्रंथप्रदर्शने भरविण्याचा समावेश आहे. त्यामुळे हा उपक्रम ग्रंथपालाच्या हौसेवर अवलंबून न राहता संस्थेच्या कामकाजाचा भाग बनला.

एवढ्या प्रमाणावर चालणाऱ्या या प्रकाराची समीक्षा मात्र आपल्याकडे क्वचितच होते. नाट्यप्रयोगाचे परीक्षण होते, चित्रप्रदर्शनाचे होते, ग्रंथाचे तर होतेच. ग्रंथप्रदर्शनाचे फक्त वृत्त येते. उद्घाटन कोणी केले, अध्यक्षस्थानी कोण होते, किती ग्रंथ मांडले आणि आभार कोणी मानले, एवढे सांगून ते वृत्त संपते. त्या प्रदर्शनाने पाहणाऱ्यास काय सांगितले, कोणते ग्रंथ निवडले व कोणते वगळले, प्रदर्शन उठल्यावर त्यातील ग्रंथांचे काय झाले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात हे प्रश्न विचारावयाचे आहेत. ग्रंथप्रदर्शन ही एक बौद्धिक कृती आहे, म्हणून ती समीक्षेस पात्र आहे, हे या लेखाचे गृहीतक होय.

प्रदर्शन म्हणजे तात्पुरते वर्गीकरण

ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथाला वर्गीकरणाने एक जागा दिलेली असते. त्या जागेची सोय मोठी आहे. पण तिला एक मर्यादाही आहे. फळीवर ग्रंथ एकाच ठिकाणी उभा राहू शकतो, विचार मात्र अनेक ठिकाणी वावरत असतो. उदाहरणार्थ, डॉ. आंबेडकरांचे लेखन घ्यावे. ड्यूईच्या दशांश पद्धतीनुसार त्यांचा रुपयाविषयीचा प्रबंध ३३२ या अंकाखाली, अर्थशास्त्राच्या फळीवर जातो. जातिसंस्थेवरील लेखन ३०५ खाली समाजशास्त्रात आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ २९४.३ खाली धर्मविभागात जातो. तिन्ही ग्रंथांचा कर्ता एक, तिन्हींमागील चिंता एक. परंतु ग्रंथालयात ते तीन दालनांत विखुरलेले असतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी धर्मविभागाकडे वळत नाही आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी चलनाच्या फळीपाशी थांबत नाही.

विषयप्रदर्शन ही कोंडी काही दिवसांपुरती फोडते. विखुरलेले ग्रंथ ते एका टेबलावर आणते व त्यांच्यात एक नवे नाते सुचविते. या अर्थाने प्रत्येक विषयप्रदर्शन हे एक तात्पुरते वर्गीकरण असते आणि वर्गीकरण ही तटस्थ गोष्ट कधीच नसते. हा ग्रंथ त्या ग्रंथाशेजारी ठेवणे हे एक विधान आहे. ते विधान जाणीवपूर्वक केलेले असेल, तर प्रदर्शनाला अर्थ येतो. ते केलेलेच नसेल, तर टेबलावर ग्रंथ असतात, प्रदर्शन नसते.

आपल्याकडील बहुसंख्य प्रदर्शनांत निवडीचा निकष एकच असतो : त्या दिवसाच्या नावाशी ग्रंथाच्या शीर्षकाचे साम्य. संगणकावर एक शब्द घालावा, जे ग्रंथ निघतील ते आणून मांडावेत, मध्यभागी प्रतिमा ठेवावी, ही सर्वसाधारण रीत झाली आहे. यातून मांडला जातो तो त्या शब्दाखालचा साठा. अशा मांडणीत मूळ ग्रंथ, त्यावरील गंभीर चिकित्सा, शालेय चरित्र आणि परीक्षेसाठीचे मार्गदर्शक हे सारे एका रांगेत, एकाच मोलाचे म्हणून उभे राहतात. ग्रंथांत प्रतवारी करणे, त्यांचे परस्परांशी असलेले भांडण ओळखणे हे विद्यापीठीय शिक्षणाचे मुख्य काम आहे. विद्यापीठाचेच ग्रंथालय जेव्हा ही प्रतवारी पुसून टाकते, तेव्हा विद्यार्थ्याला चुकीचा धडा मिळतो.

तिसरा नियम आणि बंद कपाटे

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद १९२४ मध्ये स्वीकारलेल्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा दुसरा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा तिसरा. वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे, हा चौथा. आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा पाचवा. ग्रंथप्रदर्शनाचे शास्त्रीय समर्थन या तिसऱ्या नियमात आहे. ग्रंथ आपण होऊन वाचकाकडे जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने ग्रंथालयाने पाऊल उचलावे, असा या नियमाचा आशय आहे. तिसऱ्या नियमाच्या पूर्ततेसाठी रंगनाथन यांनी अग्रस्थान दिले ते मुक्तद्वार पद्धतीला. वाचकाने फळ्यांमधून स्वतः हिंडावे, ग्रंथ हाताळावेत आणि ज्याच्या शोधात तो आला नव्हता तो ग्रंथ त्याला अकल्पितपणे सापडावा, ही त्यामागील दृष्टी होती.

येथे आपल्या परिस्थितीतील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आजही बंदिस्त पद्धती चालते. विद्यार्थी देवघेव खिडकीपाशी उभा राहतो, मागणीपत्रावर ग्रंथाचे नाव लिहून देतो आणि आतून ग्रंथ येण्याची वाट पाहतो. ज्या ग्रंथाचे नाव त्याला आधीच ठाऊक आहे तोच ग्रंथ तो मागू शकतो. नाव ठाऊक असण्यासाठी घरात ग्रंथ असावे लागतात, किंवा ग्रंथांविषयी बोलणारी माणसे भोवती असावी लागतात. ज्याच्या घरातून महाविद्यालयात येणारा तो पहिलाच आहे, अशा विद्यार्थ्याला ही सोय नसते. त्याची मागणी क्रमिक पुस्तकापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

अशा ग्रंथालयात विषयप्रदर्शनाचे मोल फार वाढते. वर्षातून काही दिवस तरी कपाटातील ग्रंथ बाहेर येतात आणि नाव ठाऊक नसलेला ग्रंथ विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडतो. मुक्तद्वार ग्रंथालयात प्रदर्शन ही जादा सोय असते. बंदिस्त ग्रंथालयात ती वाचकाच्या अधिकाराची एकमेव फट असते. नेमक्या याच ठिकाणी टेबलाभोवती दोरी बांधली जाते आणि ‘कृपया ग्रंथांस हात लावू नये’ अशी पाटी लागते. ग्रंथ पाठीवर आडवे पडलेले किंवा मुखपृष्ठ समोर करून उभे असतात. अनुक्रमणिका पाहता येत नाही, प्रस्तावना चाळता येत नाही. तो घरी नेण्यासाठी मागावा, तर ‘प्रदर्शन संपल्यावर या’ असे उत्तर मिळते. आणि प्रदर्शन संपल्यावर ग्रंथ पुन्हा कपाटात गेलेला असतो, त्याचे नाव विद्यार्थ्याच्या लक्षात नसते. पहिल्या नियमाच्या विवेचनात रंगनाथन यांनी मध्ययुगीन ग्रंथालयांत साखळीने बांधून ठेवलेल्या ग्रंथांची आठवण करून दिली आहे. साखळी गेली, तिच्या जागी आलेली दोरी आपण अद्याप ओळखलेली नाही.

यावर असा आक्षेप येईल की ग्रंथ हरवले तर जबाबदारी कोणाची? आक्षेप रास्त आहे, कारण हरवलेल्या ग्रंथाचा जाब अखेरीस ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यास द्यावा लागतो. परंतु येथे दोन प्रकारच्या ग्रंथांची गल्लत होते. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते, जुनी नियतकालिके यांना संरक्षण हवेच. अशा कागदावरील प्रकाशाची तीव्रता सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक नसावी, ग्रंथ दीर्घकाळ एकाच पानावर उघडा ठेवू नये, हे जतनशास्त्राचे सर्वमान्य संकेत आहेत. प्रत्यक्षात मात्र शंभर वर्षांपूर्वीचा ठिसूळ कागद खिडकीजवळच्या उन्हात ठेवलेला दिसतो आणि बाजारात सहज मिळणाऱ्या आवृत्तीभोवती दोरी असते. जे जपावयाचे ते उघडे आणि जे द्यावयाचे ते जपलेले, अशी ही उलटी रीत आहे. दुर्मीळ ग्रंथाची छायाप्रत मांडून मूळ प्रत सुरक्षित ठेवावी आणि उपलब्ध ग्रंथ तेथल्या तेथे विद्यार्थ्याच्या नावावर नोंदवून द्यावेत, एवढा विवेक केला तरी पुष्कळ साधेल. टेबल रिकामे होत जाणे हे अशा प्रदर्शनाचे अपयश मानण्याचे कारण नाही.

जयंतीचे प्रदर्शन : प्रतिमा आणि प्रतिपादन

जयंतीनिमित्तच्या प्रदर्शनांवर टीका करताना सावध राहिले पाहिजे. प्रतिमापूजनाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती बहुधा अशा लोकांकडून होते, ज्यांच्या पूर्वजांच्या तसबिरी संस्थांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वेधपणे लागलेल्या होत्या. विद्यापीठाच्या वाचनकक्षात डॉ. आंबेडकरांची प्रतिमा असणे याला स्वतंत्र अर्थ आहे. ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यातील विद्यार्थ्याला ती प्रतिमा ‘ही जागा तुझीही आहे’ असे सांगते. तेव्हा आक्षेप प्रतिमेला नाही. प्रतिमेपाशीच प्रदर्शन थांबते, याला आहे.

या संदर्भात स्वतः आंबेडकरांचे एक भाषण लक्षात घेण्याजोगे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात त्यांनी जे व्याख्यान दिले, ते पुढे ‘रानडे, गांधी अँड जीना’ या नावाने प्रसिद्ध झाले. जयंतीच्याच व्यासपीठावरून त्यांनी विभूतिपूजेची चिकित्सा केली. थोर पुरुष कोणास म्हणावे याच्या कसोट्या मांडल्या आणि त्या कसोट्यांवर रानडे यांचे मूल्यमापन केले. जयंती साजरी करण्याची ही एक रीत होती : ज्याची जयंती त्याच्याशी वाद घालणे, त्याला तोलून पाहणे. आपल्या ग्रंथालयांनी १४ एप्रिलला हीच रीत स्वीकारण्यास कोणती हरकत आहे?

एक प्रदर्शन कल्पून पाहू. त्याचा विषय ‘डॉ. आंबेडकर’ एवढा विस्तृत न ठेवता एक प्रश्न ठेवावा : रुपया कशाला बांधलेला असावा? टेबलावर पहिला ग्रंथ जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’, १९१३ चा. त्यात केन्स यांनी हिंदुस्थानात रुळलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाचे समर्थन केले. दुसरा ग्रंथ आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, लंडन येथे १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात आंबेडकरांनी या परिमाणावर हल्ला केला. सरकारच्या हाती रुपये पाडण्याची अमर्याद मोकळीक राहिली, तर रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहणार नाही आणि तिचा भार गरिबांवर पडेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. या ग्रंथाला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी आपल्या शिष्याशी असलेला मतभेद मोकळेपणाने नोंदविला आहे. तिसरा दस्तऐवज १९२६ चा हिल्टन यंग आयोगाचा अहवाल; या आयोगापुढे १९२५ मध्ये आंबेडकरांनी साक्ष दिली होती. चौथा दस्तऐवज १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा.

चार दस्तऐवजांचे हे टेबल शंभर चरित्रांपेक्षा अधिक बोलके ठरेल. एक तर, गुरूने प्रस्तावनेतच मतभेद नोंदविणे आणि शिष्याने ती प्रस्तावना तशीच छापणे, हा विद्वत्तेतील सभ्यतेचा धडा विद्यार्थी डोळ्यांनी पाहील. दुसरे असे की, रिझर्व्ह बँकेची स्थापना आंबेडकरांच्या या ग्रंथावरून झाली, असे सरसकट विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा १९३४ मध्ये झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. ग्रंथ, साक्ष, अहवाल आणि कायदा यांचा परस्परसंबंध किती व कोठे आहे, हे ताडून पाहण्याचे काम प्रदर्शन विद्यार्थ्याकडे सोपवू शकते. आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय योगदान असल्या आयत्या वाक्याच्या आधाराविनाही भक्कम उभे आहे. त्या योगदानाचा मान राखावयाचा, तर ते तपासून पाहण्याची मुभा दिली पाहिजे.

हे प्रदर्शन भरविण्यास दुर्मीळ प्रतींची गरज नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात रुपयाविषयीचा ग्रंथ कॅनन यांच्या प्रस्तावनेसह आहे. हे खंड अनेक महाविद्यालयांत आहेत आणि दरवर्षी १४ एप्रिलला त्यांची पाठ आपण पाहतो. कमतरता भासते ती एका प्रश्नाची, आणि तो प्रश्न सुचविण्यासाठी ग्रंथपालाशेजारी बसणाऱ्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाची.

भाषेचे प्रदर्शन : कोणाची मराठी?

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रज तथा वि. वा. शिरवाडकर यांचा जन्मदिवस. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आता भाषेविषयीच्या प्रदर्शनांना निमित्त आणि उत्साह दोन्ही लाभतील, हे उघड आहे. या प्रदर्शनांचा साचा गौरवाचा असतो : ‘गाथासप्तशती’, ‘लीळाचरित्र’, ‘ज्ञानेश्वरी’ यांपासून ज्ञानपीठविजेत्यांपर्यंत एक सलग, चढती रेषा. गौरवाला हरकत नाही. परंतु सलग रेषा ही इतिहासाची सोय असते, इतिहास नसतो.

मराठीचा इतिहास वादांचा आहे, आणि तो वाद मांडण्यासाठी कोशांइतके उत्तम साधन नाही. शिवकाळातील ‘राज्यव्यवहारकोश’ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो. विल्यम केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टाइपांत छापलेला आहे. म्हणजे मराठीची स्वाभाविक लिपी कोणती, याविषयी तेव्हाचे उत्तर आजच्याहून वेगळे होते. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. या कोशांशेजारी जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३), ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) ठेवावे. विद्यार्थ्याच्या हाती कोरा कागद द्यावा आणि या पुस्तकांतील कोणता शब्द शेजारच्या कोशात सापडत नाही, किंवा ‘ग्राम्य’ असा शिक्का घेऊन सापडतो, ते शोधण्यास सांगावे. प्रमाण कोणी ठरविले, हा प्रश्न व्याख्यानाने जितका कळणार नाही तितका या तासाभराच्या शोधाने कळेल. अशा प्रदर्शनात कोश हाताळावाच लागतो. दोरी आपोआप गळून पडते.

‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाची कथा तर तिसऱ्या नियमाचेच उदाहरण आहे. १८८२ मध्ये ते पुण्यात छापले गेले. १८८५ मध्ये फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ते विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या काळात त्याला वाचक लाभला नाही, यात पुस्तकाचा दोष कोणता? कोणता ग्रंथ काढून समोर ठेवावा, याचा निर्णय करणाऱ्यांची नजर त्याच्यावर पडली नाही. प्रदर्शनातील निवडीला किती दूरवरचे परिणाम असतात, हे यावरून ध्यानी यावे. आपल्याच दाखल नोंदवहीत अशी किती पुस्तके वाट पाहत असतील, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःस विचारावा.

संस्थेने स्वतःकडे पाहणे

विद्यापीठाचे ग्रंथालय इतरांचा गौरव मांडते. स्वतःचा इतिहास क्वचित मांडते, आणि मांडला तर तो कुलगुरूंच्या छायाचित्रांच्या रांगेचा असतो. या बाबतीत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उघडलेले ‘द रायझिंग टाइड’ हे प्रदर्शन विचारात घेण्यासारखे आहे. स्त्रियांसाठीचे गर्टन महाविद्यालय १८६९ मध्ये स्थापन झाले, त्याला १५० वर्षे झाल्याचे ते निमित्त होते. निमित्त गौरवाचे असूनही प्रदर्शनाने संस्थेची लाज लपविली नाही. स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर १८९७ मध्ये मतदान झाले, प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला आणि विरोधकांनी रस्त्यावर धुडगूस घातला. त्या दिवशीच्या दंगलीतील अंड्यांच्या टरफलांचे व फटाक्यांचे अवशेष ग्रंथालयाने जपून ठेवलेले होते आणि ते प्रदर्शनात मांडले गेले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ मध्ये. टरफलांचे ते तुकडे अनेक अभिनंदनपर फलकांपेक्षा अधिक सांगून जातात.

साधनांच्या बाबतीत केंब्रिजशी बरोबरी करणे आपल्याला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. घेण्याजोगी आहे ती त्यामागील वृत्ती. आपल्या विद्यापीठांकडे सामग्रीची वाण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे होते. पहिली महिला पदवीधर लाभण्यास मात्र त्यानंतर सुमारे पाव शतक जावे लागले. ती पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिक. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढे ऑक्सफर्डमध्ये १८९२ साली कायद्याची परीक्षा दिल्यावर प्रत्यक्ष पदवी त्यांच्या हाती पडली ती १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्येच सुरुवात केली. ८ मार्चच्या प्रदर्शनात थोर स्त्रियांची चरित्रे मांडली जातात. त्यांच्याऐवजी संस्थेची जुनी वार्षिके, प्रवेशनोंदी, पदवीधरांच्या मुद्रित याद्या मांडल्या आणि ‘पहिली विद्यार्थिनी कोण, पहिली अध्यापिका कोण, वसतिगृह केव्हा झाले, कोणत्या तालुक्यांतून कोणीच आले नाही’ असे प्रश्न विचारले, तर तो दिवस त्या संस्थेचा होईल. पन्नास-साठ वर्षे झालेल्या प्रत्येक महाविद्यालयाकडे अशी सामग्री आहे. ती बहुधा जिन्याखालच्या खोलीत असते.

अडचणींचा विचार

वरील अपेक्षा ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करणाऱ्या आहेत, असे कोणी म्हणेल. अनेक ग्रंथालयांत पदे रिक्त आहेत. एका ग्रंथपालाला देवघेव, खरेदी, संगणकीकरण आणि मूल्यांकनाची कागदपत्रे हे सारे सांभाळावे लागते. दोन दिवसांच्या सूचनेवर प्रदर्शन भरवा, छायाचित्रे काढा आणि अहवाल द्या, अशी आज्ञा आल्यावर तो शीर्षकसाम्यावर ग्रंथ काढील, यात नवल नाही. दोष त्याचा नसून मागणीचा आहे. ज्या व्यवस्थेत छायाचित्र हा पुरावा असतो, तेथे प्रदर्शन छायाचित्रासाठी सजते. ग्रंथांची मुखपृष्ठे समोर येतात, कारण ती चित्रात दिसतात. टिपणे लिहिली जात नाहीत, कारण ती चित्रात वाचता येत नाहीत.

यावर उपाय प्रदर्शने वाढविण्यात नाही, कमी करण्यात आहे. वर्षाला दहा प्रदर्शनांऐवजी तीन भरवावीत. प्रत्येकाची जबाबदारी ग्रंथालय आणि एक अध्यापन विभाग यांच्यावर संयुक्तपणे टाकावी. ग्रंथ वीस-पंचवीसांहून अधिक नसावेत. मात्र प्रत्येकासोबत तो तेथे का आहे हे सांगणारे चार ओळींचे टिपण असावे आणि ते विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. परस्परविरोधी ग्रंथ शेजारी ठेवावेत. बोधांकासह एक मुद्रित सूची प्रत्येकाच्या हाती द्यावी, म्हणजे प्रदर्शन उठल्यावरही वाट उरते. यशाचे मोजमाप अभिप्रायवहीतील सह्यांनी न करता, मांडलेले ग्रंथ पुढील तीन महिन्यांत किती वेळा घरी नेले गेले, यावरून करावे. सोल किंवा कोहा यांसारखी ग्रंथालयीन प्रणाली जेथे आहे, तेथे ही माहिती काढण्यास फार वेळ लागत नाही. कदाचित तो आकडा फारच लहान निघेल. तो लहान आहे हे कळणे, हीच सुधारणेची सुरुवात ठरेल.

समारोप

विद्यापीठीय ग्रंथालयातील विषयप्रदर्शन हा ग्रंथ आणि वाचक यांच्यातील सर्वांत लहान अंतराचा प्रसंग असू शकतो. फळी, तालिका, मागणीपत्र आणि खिडकी ही सारी मध्यस्थी बाजूला सारून ग्रंथ थेट विद्यार्थ्यासमोर येतो. त्या क्षणी आपण त्याला काय देतो, हा खरा प्रश्न आहे. नमस्कार करण्यासाठी एक वस्तू देतो, की उघडून वाद घालण्यासाठी एक ग्रंथ देतो? पहिल्या पर्यायात ग्रंथालयाचा दिवस साजरा होतो. दुसऱ्यात विद्यार्थ्याला आपला अधिकार मिळतो. ज्यांना घरात ग्रंथ लाभले त्यांचे प्रदर्शनावाचून फारसे अडत नाही. ज्यांना ते लाभले नाहीत, त्यांच्यासाठी हे टेबल आहे. अध्यापकवर्गाने उद्घाटनाच्या दिवशी तेथे उपस्थित राहण्याबरोबरच दुसऱ्या दिवशी एखादा वर्ग घेऊन तेथे यावे आणि मांडलेल्या ग्रंथांपैकी एक उघडून त्यावर बोलावे. प्रदर्शनाच्या समीक्षेचा आरंभ तेथूनच होईल.